दर पावसाळ्यात बंदुकीच्या जुन्या चामडी पेटीवर पांढरं चढतं, पुसलं तरी परत येतं

गणपतीला वेंगुर्ल्याच्या घरी पोचलो की हातपाय धुवायच्या आधी मी पुढच्या खोलीतलं कपाट उघडून आजोबांच्या दुनळीची पेटी बाहेर काढायचो. सलग पाच वर्षं तेच. मे महिन्यात पुसूनपासून ठेवलेलं तपकिरी कातडं राखेत लोळवल्यासारखं झालेलं असायचं. फडकं फिरवलं की राख जायची, वर तेलाचा हात दिला की पेटी दुकानातून आणल्यासारखी दिसायची, आणि पुढच्या गणपतीला राख आदल्या वर्षीपेक्षा थोडी जास्तच.

काकीचं औषध ठरलेलं होतं. "तेका जरासा खोबरेल लाव, बरा रवात." मी लावायचो. पाच वर्षांनी कळलं की निम्मा आजार त्या खोबरेलाचाच होता.

कोकणात आणि घाटमाथ्यावरही अजून बऱ्याच घरांत अशी पेटी माळ्यावर किंवा कपाटावर पडलेली सापडते. बंदूक शेतसंरक्षणाच्या परवान्याची असो की शिकारीच्या हौसेची, पेटी बहुधा विलायती. आमची पेटी इंग्रज ज्याला मटणाच्या तंगडीची उपमा देतात त्या घाटाची आहे: दस्त्याकडे रुंद, नळ्यांकडे निमुळती. नळ्या दस्त्यापासून सोडवून शेजारी शेजारी ठेवायच्या, म्हणजे पेटी आगगाडीच्या डब्यात बाकाखाली मावते. आत लाकूड नाही, खोगिराला वापरतात तसल्या जाड कातड्याचंच कवच, आतून लाल बनातीचं, म्हणजे जाड लोकरी कापडाचं अस्तर, पितळी कुलूप, दोन पट्टे आणि एक मूठ. आजोबा गेल्यावर परवाना बंद झाला, बंदूक रीतसर जमा झाली. तशीही ती निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जायची आणि पेटी घरी एकटीच राहायची. आता कायमचीच एकटी आहे.

तुमच्या पेटीत बंदूक अजून असेल, तर आधी ती बाहेर काढा. ही पेटी प्रवासापुरती आहे, बंदूक कायम ठेवायला नाही. कातडं आणि बनात हवेतलं पाणी ओढून घेतात आणि नळ्यांना चिकटवून ठेवतात. शिवाय झाडाच्या सालीत कमावलेल्या कातड्यात टॅनिन, म्हणजे सालीतलं तुरट द्रव्य असतं. ओल आणि लोखंड यांच्याशी त्याची गाठ पडली की शाईसारखा निळा-काळा डाग उठतो, कातड्यावरही आणि लोखंडाच्या संपर्कातल्या अस्तरावरही. तो डाग पुढे निघत नाही. आमच्या पेटीत खटक्याच्या जागी तसा एक आहे, तो मी आता घराण्याचा शिक्का समजतो.

पांढरं म्हणजे नेमकं काय, ते आधी ठरवा

इथेच सगळे चुकतात, मीही चुकलो. पांढरं दिसलं की "बुरशी" म्हणायचं आणि कामाला लागायचं. पण जुन्या कातड्यावर चढणारं पांढरं तीन प्रकारचं असतं आणि एकाचा उपाय दुसऱ्याला बाधतो.

पहिली बुरशी. दुसरं म्हणजे चरबीचं फूल: कातड्यात मुरलेल्या तेला-चरबीतली घट्ट आम्लं सुटी होऊन वर येतात आणि पृष्ठभागावर थिजतात. तिसरं मीठ. कातडं कमावताना राहिलेले क्षार, घाम, किंवा समुद्राकाठची खारी ओल आत शिरते आणि कातडं सुकलं की कण होऊन बाहेर बसते. तिसरं सगळ्यात कमी आढळतं, पण बंदराजवळच्या घरात नाकारता येत नाही.

भिंग घ्या, शाळेतलं दहापट मोठं दाखवणारं पुरे. बुरशी केसाळ दिसते, कापसाच्या पुंजक्यासारखी. गोल गोल ठिपक्यांनी वाढते, कधी मधोमध हिरवट किंवा काळपट असते, आणि पेटी उघडल्याबरोबर कुबट वास येतो. चरबीचं फूल केसाळ नसतं. ते आरशावर वाफ धरावी तसं सलग पसरतं किंवा बारीक सुयांसारखं चमकतं, बोटाला किंचित मेणचट लागतं, वास जवळपास नसतोच. मीठ बोटाखाली करकरतं.

भिंगावर विश्वास बसत नसेल तर उष्णतेची कसोटी घ्या. केस वाळवायचा ड्रायर अगदी कमी आचेवर ठेवून एक वीतभर लांबून दहा-बारा सेकंद एका ठिपक्यावर धरा. चरबी असेल तर थिजलेलं तूप पातळ व्हावं तशी ती डोळ्यांदेखत विरते. बुरशी जिथल्या तिथे राहते, मीठही. ठिपका हललाच नाही तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून चांगला पिळलेला कापूस एका कणावर टेकवा; मीठ असेल तर विरघळेल. मात्र ही पाण्याची कसोटी घेण्याआधी खाली लाल भुकटीबद्दल लिहिलंय ते वाचा. भुकटी सुटणाऱ्या कातड्याला पाण्याचा थेंबही चालत नाही.

ड्रायर कमी आचेवरच का? सालीत कमावलेलं निरोगी कातडं ओलं असताना साधारण ७५ ते ८५ अंश सेल्सिअसला आक्रसतं. शंभर वर्षांचं, आम्लानं खाल्लेलं कातडं त्याच्या बरंच आधी आक्रसतं, आणि एकदा आक्रसलं की पापडासारखं कडक होऊन कायमचं तसंच राहतं. कातड्याला हात लावून बघत राहा. हाताला कोमट लागलं की थांबा.

माझ्या पेटीवर या कसोट्यांनी मला आधी बुचकळ्यातच टाकलं. झाकणाच्या मधोमध धरलेला ड्रायर म्हणे चरबी. पट्ट्याखाली धरला तर काही हलेना. मला वाटलं कसोटीच खोटी. दोन दिवस पेटी समोर ठेवून, खडूनं कागदावर नकाशा काढून ठिपके मांडले, तेव्हा उलगडलं: दोन्ही होतं. झाकणाच्या सपाट भागावर, जिथे वर्षानुवर्षं तेलाचा हात फिरला होता, तिथे चरबीचं फूल. शिवणीत, पट्ट्यांच्या खाली, कुलपाभोवती आणि तळाला, म्हणजे जिथे वारा लागत नाही तिथे, बुरशी. मी पाच वर्षं दोन्हीला एकच औषध देत होतो.

तेल

आता खोबरेलाचं. खोबरेल तेल साधारण २४ अंशांना थिजतं, हे थंडीत बाटली उन्हात ठेवणाऱ्या कुणालाही सांगायला नको. त्यात घट्ट आम्लांचाच भरणा जास्त. कातड्यात मुरवलेलं हे तेल उन्हाळ्यात पातळ असतं, खोलवर जातं, पेटी छान दिसते. ओलीत आणि वर्षं सरतील तसं ते फुटतं, आम्लं सुटी होतात, आणि हवा थोडी गार झाली की वर येऊन बसतात. आपण ते पुसतो आणि गेलं तेवढं तेल पुन्हा भरतो. विहीर उपसतोय असं आपल्याला वाटतं, आणि झरा चालूच.

हे फक्त खोबरेलाचं नाही. जनावरांच्या नळ्यांच्या हाडांतून काढलेलं निट्सफूट ऑइल विलायतेत खोगिरांना शतकभर वापरलं गेलं. चांगलं तेल आहे, पण तेही जास्त झालं की असंच फुलतं. जवसाचं तेल वाळून कडक होतं, कातडं त्याच्याबरोबर. बंदुकीचं खनिज तेल फुलत नाही, पण ते कातडं काळवंडवतं. एरंडेल बुटांना ठीक, पेटीला नको. पेटी बुटासारखी रोज वाकत नाही, तिला मऊपणाची गरजच नाही. तिचं काम ताठ राहण्याचं आहे. एवढी साधी गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती.

यात चूक फक्त घरगुती मंडळींची आहे असं नाही. ब्रिटिश म्युझियमच्या नावानं ओळखलं जाणारं एक मलम होतं, लोकरीची चरबी, देवदार जातीच्या लाकडाचं तेल आणि मधमाशीचं मेण घालून केलेलं. विसाव्या शतकात कित्येक ग्रंथालयांनी ते पुस्तकांच्या चामडी बांधणीला इमानेइतबारे चोळलं. आज जतनाचं काम करणारे लोक असं मलम सरसकट चोळायला मनाई करतात: चिकटपणा राहतो, धूळ बसते, कातडं काळं पडतं आणि मुळातला ऱ्हास थांबत नाही.

आत गेलेलं तेल बाहेर कसं काढायचं, तर हळू. नुसतं गरम केलंत तर फूल विरून आत जाईल, पेटी दोन महिने स्वच्छ दिसेल आणि तुम्ही जिंकलो म्हणाल. विरलेलं ते तिथल्या तिथे उचलायला हवं. मी असं केलं: आधी कोरड्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती कापडानं वरचं पुसून घेतलं. मग हातभर जागा कोमट करून त्यावर टीपकागद ठेवला आणि तळव्यानं दाबून धरला. कागदावर तेलकट डाग उमटतो, तो बघण्यात एक वेगळंच समाधान आहे. कागद बदलायचा, पुन्हा. कोपऱ्यातलं, ठशांमधलं घट्ट बसलेलं फूल कापसाच्या काडीला जेमतेम ओलं होईल एवढं मिनरल टर्पेंटाइन लावून उचललं, खिडक्या उघड्या ठेवून, गॅसची शेगडी बंद करून. टर्पेंटाइन आधी पट्ट्याच्या मागे लावून बघा. कापसाला तपकिरी रंग आला तर कातड्याचा रंग सुटतोय, तिथेच थांबा.

एका बैठकीत होत नाही. मी तीन हंगाम हे केलं. पहिल्या वर्षी फूल परत आलं, निम्मं. दुसऱ्या वर्षी झाकणाच्या एका कोपऱ्यात. तिसऱ्या वर्षी नाही. या तीन वर्षांत पेटीला तेलाचा एक थेंब लागला नाही आणि काकीनं मला कंजूष ठरवलं.

बुरशी बाहेर दिसते, राहते आत

बुरशीचं काम घराबाहेर करा, पडवीत नाही, अंगणात. नाकातोंडावर एन-९५ मास्क, हातात मोजे. दम्याचा त्रास असलेल्यांनी हे काम दुसऱ्याला द्यावं. ओल्या फडक्यानं पुसू नका. ओल्या फडक्यानं बुरशी जात नाही, सारवल्यासारखी पसरते, आणि वर तिला पाणी मिळतं. आधी पेटी सुकू द्या. बुरशी सुकली की भुकटीसारखी होते, मग रंगाचा मऊ ब्रश एका दिशेनं फिरवून ती व्हॅक्यूमच्या तोंडाकडे ढकला. व्हॅक्यूमच्या तोंडावर मच्छरदाणीचा तुकडा रबरानं बांधा, म्हणजे सुटलेला धागा किंवा लेबलाचा कपटा आत जाणार नाही. व्हॅक्यूम हेपा फिल्टरचा असेल तरच. साधा असेल तर तो बुरशीचे बीजाणू मागच्या बाजूनं अंगणभर उडवतो.

मग शिवणीत आणि पट्ट्याखाली ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर, तेही चाचणी करूनच. जुन्या पेट्यांवर लाखेचा मुलामा असू शकतो, आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. माझ्या पेटीच्या तळावर वाटाण्याएवढी एक निस्तेज जागा आहे. चाचणी न करता लावल्याचं ते बक्षीस.

ऊन? आमच्याकडे ओलं झालं की ऊन दाखवायचं, लोणच्याच्या बरणीपासून गादीपर्यंत. पेटीला नको. कोकणातल्या ऑक्टोबरच्या उन्हात गडद कातडं हात लावता येणार नाही इतकं तापतं, वरचा थर आक्रसतो, आतला तसाच राहतो आणि पेटीला पोक येतं. सावली आणि वारा पुरे, पेटी उघडी ठेवून, आठ-दहा दिवस.

एवढं सगळं करून पहिल्या वर्षी पेटी स्वच्छ झाली आणि दिवाळीपर्यंत बुरशी परत. तेव्हा मी अस्तराकडे वळलो, आणि खरं घर तिथे निघालं. लाल बनात वरून ठीक दिसत होती. नळ्यांच्या कप्प्याजवळ ती थोडी सुटली होती, ती बोटानं उचलली तर मागे काळपट हिरवा नकाशा. बनात कातड्याला चिकटवलेली असते सरसानं किंवा खळीनं, म्हणजे हाडा-कातड्याच्या नाहीतर धान्याच्या सत्त्वानं, आणि बुरशीला यापेक्षा चांगलं जेवण नाही. बाहेरून कितीही पुसा, पंगत आत चालू.

सगळं अस्तर खेचून काढण्याचा मोह होईल. करू नका. अस्तर, आणि त्याहून जास्त झाकणाच्या आतलं बनवणाऱ्याचं लेबल, हीच पेटीची कुंडली आहे. लंडनच्या पर्डी या बंदूक बनवणाऱ्यांचं दुकान १८८० च्या दशकात ऑक्सफर्ड स्ट्रीटवरून साउथ ऑड्ली स्ट्रीटवर गेलं, त्यामुळे त्यांच्या पेटीवरच्या लेबलात कुठला रस्ता आहे एवढ्यावरून ती आधीची की नंतरची हे कळतं. आमच्या लेबलाचा निम्मा भाग कसरीनं खाल्लाय, 'बर्मिंगहॅम' एवढंच उरलंय, पण तेवढ्यावरही मी खूश आहे. लेबलाला पाणी, अल्कोहोल, टेप, काही लावायचं नाही.

म्हणून मी जिथे बनात आपणहून सुटली होती तेवढीच उचलली, मागची सुकलेली भुकटी ब्रश-व्हॅक्यूमनं काढली, जुन्या खळीचे पापुद्रे बोथट सुरीनं खरवडले आणि महिनाभर तो भाग कपड्याच्या चिमट्यांनी उघडा धरून ठेवला. यासाठी पेटी कोल्हापूरला आणली होती, ऑक्टोबरच्या कोरड्या हवेत. परत चिकटवायला गव्हाची खळ वापरली नाही, पुन्हा ताट वाढून ठेवल्यासारखं झालं असतं. पुस्तकबांधणीवाले वापरतात तो आम्लरहित पीव्हीए, म्हणजे पांढरा डिंक, तोही फक्त कडेला ठिपक्या-ठिपक्यांनी. चपला जोडायचं पिवळं सोल्युशन चुकूनही नको. ते कातड्यातून डाग पाडतं आणि पुढच्या माणसाला ते सोडवता येत नाही.

डांबरगोळ्यांबद्दल विचाराल, तर त्या कसरीसाठी आहेत, बुरशीला त्यांचं काही वाटत नाही.

कुलपाभोवतीचं हिरवं

पितळेच्या कडेला, रिबिटांभोवती आणि बकलाखाली मेणासारखा हिरवा गर जमतो, तोही दरवर्षी. लोक त्याला गंज म्हणतात. खरं तर तो एक प्रकारचा साबण आहे: तेलातली आम्लं पितळेतल्या तांब्याला भिडतात आणि हा गर तयार होतो. म्हणजे पुन्हा तेलच. बांबूच्या काडीनं, दात कोरायची चालते, तो उचलून काढायचा, राहिलेला टर्पेंटाइनच्या काडीनं. चिंच, लिंबू, पितळ घासायची पावडर यातलं काही नको. भांड्याचं पितळ मोकळं असतं, हे कातड्यात बसवलेलं आहे. आम्ल आणि पावडर कडेनं आत झिरपते आणि पितळ चमकतं तेवढी कातड्याला पांढरी किनार येते. पितळेला तपकिरी झाक असू द्या. साफ केल्यावर मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्सचा, म्हणजे खनिज तेलापासून काढलेल्या मेणाचा पातळ हात पितळेवर दिला की पुढचा गर बराच उशिरा येतो. कातडं निरोगी असेल तर तेच मेण त्यालाही चालतं, वर्षातून एकदा, पुसल्यावर बोटाचा ठसा उमटू नये इतकं पातळ.

हाताला लाल भुकटी लागत असेल तर

थांबा. वरचं पुसणं, कोमट करणं, काही नाही. हा वेगळा रोग आहे, इंग्रजीतलं त्याचं नाव 'लाल कूज' असं मराठीत येईल. कातडं विटकरीच्या भुकटीसारखं झडतं, पांढरा शर्ट खराब होतो. कारण आम्ल. दगडी कोळशाच्या गॅसचे दिवे आणि भट्ट्यांचा धूर यांतला गंधक कातड्यात जाऊन गंधकाम्ल झालं. मायकेल फॅरडेनं १८४३ च्या सुमारास लंडनच्या अथेनियम क्लबातल्या झडत्या कातड्याचा दोष गॅसच्या दिव्यांना दिला होता. पुढे पुस्तकांची बांधणी फारच लवकर फाटू लागली म्हणून लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सनं १९०० साली समिती नेमली, तिचा अहवाल १९०१ साली आला. त्याच काळातली तुमची-आमची पेटी.

कातडं कशात कमावलं यावरही बरंच ठरतं. काही झाडांचं टॅनिन या आम्लापुढे लवकर हार मानतं, काहींचं तग धरतं. आपला हिरडा तग धरणाऱ्यांतला. इंग्लंडच्या टॅनऱ्यांना हिरडा इथूनच जायचा आणि त्यांच्या बाजारात त्याच्या एका प्रतीचं नावच 'विंगोर्ला' होतं, म्हणजे आमचं वेंगुर्लं. आमच्या पेटीच्या कातड्यात आमच्याच बंदरातून गेलेला हिरडा असेल का? सिद्ध करायचा मार्ग नाही. पण तिच्यावर भुकटी सुटलेली नाही, तेव्हा मी तसं मानून चालतो.

भुकटी सुटलेल्या कातड्यावर पाणी पडलं तर ते काळं पडतं आणि तिथे टणक होतं, कायमचं. तेल भुकटीला चिखल करतं. हायड्रॉक्सिप्रोपिल सेल्युलोज नावाची पावडर बिनपाण्याच्या अल्कोहोलमध्ये विरघळवून, शंभराला दोन या प्रमाणात, मऊ ब्रशनं पातळ लावली की भुकटी जागच्या जागी बांधली जाते. गोळ्या-औषधांच्या कारखान्यांना लागते ती हीच पावडर, रसायनांच्या दुकानात मागवून मिळते. यानं कातडं बरं होत नाही, झडणं थांबतं. पेटी मोलाची असेल तर हे जतन करणाऱ्या जाणकाराकडूनच करून घ्या.

ठेवायची कुठे

हा प्रश्न मी सगळ्यात शेवटी विचारला, विचारायला हवा होता पहिल्यांदा. काकी एकदा सहज म्हणाली, तुझ्या आजोबांच्या वेळेस याच्यावर कधी काही यायचं नाही. तेव्हा पेटी कुठे असायची? स्वयंपाकघरावरच्या माळ्यावर. खाली दिवसभर चूल. पावसाळ्यात घरातली सगळ्यात कोरडी जागा तीच, म्हणून कडधान्यंही तिथेच. चूल गेली, गॅस आला, माळा गार पडला, आणि कुणीतरी पेटीला मान द्यायचा म्हणून ती पुढच्या खोलीतल्या कपाटात ठेवली. ते कपाट पश्चिमेच्या भिंतीला टेकलेलं, म्हणजे समुद्राकडचा सगळा पाऊस झेलणाऱ्या भिंतीला. (माळ्याचं फार कौतुक नको, मूठ ठिसूळ झाली ती त्या धगीनं, असा माझा संशय आहे.)

चार-पाचशे रुपयांचा आर्द्रता मोजणारा छोटा मापक घ्या आणि आधी त्याचीच परीक्षा घ्या: बाटलीच्या बुचात मीठ, त्यात थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूइतकं ओलं करा, मापकासोबत घट्ट झाकणाच्या डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी आकडा ७५ टक्के दिसायला हवा. जितका फरक असेल तितका पुढे मनात वजा-अधिक करा. माझा ६ नं कमी दाखवायचा, म्हणजे मी ज्याला ६८ समजत होतो ते ७४ होतं, आणि साधारण ७० च्या वर बुरशीला रान मोकळं. कातड्याला ४५ ते ५५ उत्तम. वेंगुर्ल्यात जुलैत ते स्वप्नच, पण कपाटात ६५ च्या खाली ठेवता आलं तरी पुष्कळ झालं.

आता पेटी आतल्या भिंतीजवळ, जमिनीपासून दोन फूट वर, लाकडी पट्ट्यांच्या फळीवर असते, मागे चार बोटं जागा सोडून. अंगावर धुतलेल्या, खळ काढलेल्या मांजरपाटाची पिशवी. प्लॅस्टिक नाही; प्लॅस्टिकमध्ये ओल कोंडते. आत सिलिका जेलच्या पुड्या, केशरी रंगाच्या. रंग उतरला की त्या ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास ठेवून पुन्हा वापरता येतात. पण उघड्या कपाटात त्यांचा उपयोग शून्य, त्या दोन दिवसांत भरतात. कपाटाच्या दाराच्या फटीला आधी फोमची पट्टी लावावी लागली. जून ते सप्टेंबर काकी दर रविवारी कपाटातला आकडा मला व्हॉट्सॲपवर पाठवते. ६५ च्या वर गेला की पुड्या भाजायच्या, हे तिचंच काम, आणि ते ती खोबरेलाच्या सल्ल्याइतक्याच अधिकारानं करते.

शिवणीचं थोडक्यात सांगतो, कारण पांढऱ्याशी तिचा संबंध एवढाच की बुरशीनं दोरा आधी कुजतो. उसवलेली शिवण जुन्याच भोकांतून, दोन सुयांनी, मेण ओढलेल्या लिनन दोऱ्यानं घाला. नवी भोकं पाडायला आरी चालवू नका, जुनं कातडं तिकिटासारखं त्या रेषेवर फाटतं. पट्टा बकलाच्या घडीवर तडकला असेल तर मागून नव्या, सालीत कमावलेल्या कातड्याचा पातळ तासलेला तुकडा; कोल्हापुरात रापी चालवणारा चांगला कारागीर हे काम तासाभरात करतो, फक्त "पॉलिश करून दे" असं म्हणू नका, तो प्रेमानं करून देईल. आणि पेटी मुठीनं उचलू नका, खालून दोन्ही हातांनी धरा.

यंदा गणपतीला कपाट उघडलं तेव्हा झाकण स्वच्छ, शिवणी स्वच्छ. कुलपाच्या खालच्या रिबिटाभोवती हिरवा गर मात्र होता, मोहरीएवढा. बांबूच्या काडीनं काढला. तिथल्या कातड्यात अजून तेल आहे.